गेम बोटांना काय सांगतो

परवा नागपूरच्या बर्डीवर एका दुकानात वापरलेल्या सीड्या चाळत उभा होतो. बाजूला अकरावी-बारावीतले दोन पोट्टे. एकाच्या हातात 'रेड डेड रिडेम्प्शन २'ची पेटी, दुसरा मोबाईलवर समीक्षकांचे शंभरपैकी मार्क पाहून राहिला होता. "सत्त्याण्णव आहेत बे, घे डोळे मिटून." मग दुसरी पेटी उचलली. "याले बहात्तर. ठेव खाली." झाला निकाल! दोन-तीन मिनिटांत त्यांनी अख्खा रॅक पास-नापास करून टाकला. मी तिथं बोललो नाही, पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

टीव्हीला लावायच्या पिवळ्या कॅसेटींवर 'कॉन्ट्रा' खेळलो, तेव्हापासून माझ्या हातात कंट्रोलर आहे. इतक्या वर्षांत माझी कसोटी एकच उरली आहे. सिनेमा आपण पाहतो, गाणं ऐकतो, पण गेममध्ये बटण मी दाबतो. जे घडतं ते माझ्या बोटानं घडतं. म्हणून गेम बोटांना काय सांगतो, ते मी आधी पाहतो. कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसतं बघत बसायच्या वेळीच ज्याचं सगळं चांगलं संपून जातं, तो कितीही देखणा असो, माझ्याकडे त्याचे मार्क कमीच. पुढे काही गेमच्या गोष्टी उघड होतील, खेळायचे असतील त्यांनी जपून वाचा.

सुरुवात 'शॅडो ऑफ द कोलोसस'पासून करतो, कारण माझ्या लेखी याच्या वर काही नाही. २००५ साली प्लेस्टेशन टूवर (पीएस-टू) आला, २०१८ मध्ये पीएस-फोरसाठी नव्यानं बांधला गेला. फुमितो उएदा या जपानी माणसाची कल्पना. एक मुलगा, त्याची घोडी, देवळात ठेवलेली एक मेलेली मुलगी आणि मारायचे सोळा महाकाय प्राणी. बाकी गाव नाही, दुकान नाही, किरकोळ शत्रूसुद्धा नाही. तलवार उन्हात धरली की उजेडाची रेघ दिशा दाखवते, तिच्यामागे जायचं. प्राण्याच्या अंगावरची लव धरून वर चढायचं, आणि धरून ठेवायला उजव्या तर्जनीखालचं बटण दाबूनच ठेवायचं. प्राणी अंग झाडतो, ताकदीचं वर्तुळ आकसत जातं, आणि बोट सुटलं की तुम्ही खाली.

गेल्या नवतप्यात भाची सुटीला आली होती, नऊ वर्षांची. कूलरच्या आवाजात टीव्ही मोठा करून ती पहिल्या प्राण्यावर चढली. मी तिच्या हाताकडे पाहत होतो. बटणावरच्या बोटाचं नख पांढरं पडलं होतं. गेमला बटण किती जोरात दाबलं ते कळतही नाही, नुसतं दाबलेलं असलं तरी पुरतं, पण ती पोरगी जीव खाऊन धरून होती, पाय सोफ्यावर वर घेतलेले. शेवटचा वार बसला, तो डोंगराएवढा जीव हळूहळू खाली आला आणि विजयाचं संगीत वाजायच्या जागी उदास सूर सुरू झाले. तिनं कंट्रोलर खाली ठेवला आणि विचारलं, "मामा, त्यानं काय केलं होतं आपलं?"

या प्रश्नासाठीच तो गेम बनला आहे. तो तिला कुणी शब्दांत सांगितला नव्हता, तिच्या बोटातून वर आला. मला काही उत्तर देता आलं नाही. दुसरा प्राणी मारायला तिनं दोन दिवस लावले.

आता त्या सत्त्याण्णव मार्कांकडे येतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २', ऑक्टोबर २०१८, रॉकस्टार कंपनीचा. अमेरिका, १८९९. दरोडेखोरांच्या टोळीतला आर्थर मॉर्गन. हा गेम मी बाबांसोबत पूर्ण केला. म्हणजे खेळलो मी, बाबा खुर्चीवर. बाबांचं लहानपण काटोलकडच्या खेड्यात गेलं, घरी बैलजोडी होती. त्यांना गोळीबारात काही रस नव्हता, घोड्यात होता. लांबून दौडत आलो की म्हणायचे, "आधी पुसून घे त्याले. घामानं भरला आहे." मी ब्रश काढून घोड्याला चोळायचो, मग ते पुढे जाऊ द्यायचे.

टोळीतला एक जण व्याजानं पैसे लावतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. एका आजारी, फाटक्या माणसाचं शेत. आर्थर त्याची गचांडी धरतो आणि पडद्यावर बटण येतं, मारा. मी दाबलं. बाबा सरळ होऊन बसले. "त्याच्याजवळ काही नाही, दिसून नाही राहिलं का तुले?" त्यांनी आर्थरला म्हटलं नाही, मला म्हटलं. विदर्भात सावकाराचा माणूस दारात उभा राहणं म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आणि मी पुन्हा दाबलं, कारण त्याशिवाय गेम पुढे जात नाही. तो माणूस खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. पुढे कितीतरी तासांनी कळतं, आर्थरला क्षय झाला आहे, तिथूनच. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. म्हणजे आर्थरचं मरण माझ्या त्या बटणात होतं. पुढे आर्थर त्या व्याजवाल्याला छावणीतून हाकलतो, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "उशिरा कळलं."

शेवटाकडे पाठलागात घोड्याला गोळी लागते. मागे बंदुका आहेत, तरी आर्थर त्याच्यापाशी गुडघ्यावर बसतो, त्याला थोपटतो आणि आभार मानतो. बाबा उठून बाल्कनीत गेले. परत आले ते बऱ्याच वेळानं.

एवढं असूनही मी याला सत्त्याण्णव देणार नाही. तोच मंदपणा घोड्याशी वागताना खरा वाटतो आणि प्रत्येक कपाटाचा प्रत्येक खण उघडताना जीव खातो. त्याहून मोठा दोष मोहिमांचा. बाहेर एवढं मोठं माळरान मोकळं सोडलं आणि मोहीम सुरू झाली की नाकात वेसण. ठरलेली वाट सोडून चार पावलं बाजूला गेलात की 'मोहीम अयशस्वी'. मार्क देणाऱ्यांनी माळरान पाहिलं, वेसण पाहिली नाही.

बटण दाबायला लावणं हे शस्त्र 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'नंही वापरलं, जून २०२० मध्ये. पहिल्या भागाचा नायक जोएल याला सुरुवातीलाच मारलं म्हणून लोकांनी त्याला पहिल्या दिवसांत धडाधड शून्य दिले, तर समीक्षकांची सरासरी ९३. मला दोन्ही पटत नाहीत. सूडाला निघालेली नायिका एली एका बाईकडून शत्रूचा ठावठिकाणा वदवून घेते, हातात पाइप, कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर आणि खाली स्क्वेअर बटण. दाबाल तेव्हाच फटका बसणार. त्या क्षणी सूडाची गोडी संपते, आणि अर्ध्यावर गेम शत्रूच्या बाजूची ॲबी हातात देतो. एली म्हणून मारलेली कुत्री तिथं ॲबीच्या पायाशी घोटाळते. हे धाडस फार थोड्यांनी केलंय. पण एकदा बोटाला कळलेलं पुढे वीस तास पुन्हा पुन्हा सांगितलं जातं, आणि शेवटच्या भागापर्यंत हात बधिर होतो. मी याला थोर म्हणतो, पण लांबलेला थोर.

ज्यांना हेच घरात दोघांनी अनुभवायचंय त्यांनी 'इट टेक्स टू' घ्यावा. स्वीडनच्या हेझलाइटचा, २०२१ चा. काडीमोड घ्यायला निघालेलं जोडपं बाहुल्या होऊन बसतं, आणि पडदा दोघांत वाटलेला. एकट्यानं खेळताच येत नाही. बायको एरवी कंट्रोलरला हात लावत नाही, पण हा गेम तिनं पूर्ण केला. त्यात एक खेळण्यातली हत्तीण आहे, जीव लावणारी. तिला दोघांनी मिळून ओढत कड्यापर्यंत न्यायचं, ती विनवण्या करते, तिचा कान फाटतो. बायकोनं हात थांबवला. "मी नाही ओढत." आम्ही पाच मिनिटं तसेच बसलो. शेवटी ओढली, आणि नंतर ती त्या रात्री पुढचं काही खेळली नाही. गोष्टीतलं बोलकं पुस्तक मात्र फार बडबडतं, आणि जोडपं पुन्हा जुळतं ते लेखकाला हवं म्हणून.

'सेकिरो' (२०१९) अवघड म्हणून बदनाम. सोपं करायची सोयच नाही त्यात. पण राजेहो, लेझीम शिकलेल्या माणसानं हा गेम खेळून पाहावा. शत्रूची तलवार येते त्याच क्षणी एल-वन दाबायचं, ठण्ण! लवकर नाही, उशिरा नाही. वाड्याच्या माथ्यावरच्या गेनिचिरोनं मला चार रात्री मारलं आणि पाचव्या रात्री माझ्या पात्राची ताकद तेवढीच होती, हात बदलला होता. शाळेत सर 'आता पाय चुकत नाही' म्हणायचे तो आनंद मला कन्सोलवर दुसरीकडे मिळालेला नाही. त्याच कंपनीचा 'एल्डन रिंग' (२०२२) मोठा, सुंदर, क्षितिजापर्यंत जाऊन पाहावासा. पण उत्तरार्धात तेच राक्षस पुन्हा उभे करतात, तीच भुयारं, आणि उत्सुकता पातळ होते. मला दोघांतून एक निवडायला सांगितलं तर सेकिरो.

'गॉड ऑफ वॉर' (२०१८) मधली कुऱ्हाड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फेकली, ट्रँगल दाबलं की घोंघावत परत येते आणि हातात बसताना कंट्रोलर थरथरतो. शत्रू नसला तरी मी ती उगाच फेकत राहायचो. २०२२ च्या 'रॅग्नारॉक'मध्ये हात तसाच पक्का, पण सोबतचे लोक कोडं पाहायच्या आत उत्तर सांगतात. थांबा ना बाप्पा, पाहू द्या मला!

'घोस्ट ऑफ त्सुशिमा'त वाट विचारायची तर टचपॅडवर बोट फिरवायचं, वारा उठतो आणि गवत त्या दिशेला झुकतं. १२७४ च्या मंगोल स्वारीची गोष्ट साधीच, पण ही एक युक्ती शंभर नकाशांपेक्षा भारी. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला'त उलट. नकाशा ठिपक्यांनी भरलेला आणि अंगठा पुढे ढकलून ठेवण्यापलीकडे बोटाला काम नाही. घेऊ नका.

मार्कांवर विसंबणाऱ्यांनी 'सायबरपंक २०७७' आठवावा. १० डिसेंबर २०२० ला आला, आधीची परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली, भरघोस मार्क. पीएस-फोरवर तो इतका कोसळत होता की आठवडाभरात सोनीनं आपल्या दुकानातून काढला, पैसे परत देऊ केले आणि २०२१ च्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. मार्क एका यंत्राचे, विक्री दुसऱ्यावर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पीएस-फाइव्हवर तो खरंच चांगला झाला आहे, तिथं जरूर खेळा.

आता आपल्या मातीतले दोन. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) पश्चिम घाटात घडतो, होयसळांच्या पडक्या नगरांत, गणपतीच्या तुटलेल्या दाताच्या शोधात. क्लोई ही अर्धी भारतीय नायिका, परशुरामाची कथा येते, पावसाळी हिरवं आणि शेवाळलेला दगड पाहून डोळे निवतात. ढिगाऱ्यात अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्या पाठीवरून जातो ती पाच मिनिटं अप्रतिम. गोळीबार मात्र मागच्या चार भागांचाच. छोटा आहे, स्वस्तात मिळतो, घ्या.

'राजी: ॲन एन्शंट एपिक' पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. भाऊ गोलूला राक्षसांनी नेलं, बहीण त्रिशूळ घेऊन निघते, आणि दुर्गा व विष्णू गोष्ट सांगतात. भिंतीवरची चित्रं, महालांचे रंग, हे पाहून अभिमान वाटतो आणि मी तो लपवणार नाही. पण आपला म्हणून मार्क वाढवले तर ज्यांनी बनवला त्यांचाच अपमान. लढाईत वार आणि बोट यांच्यात अंतर पडतं, उडी कधी कधी हवेत चुकते आणि गोष्ट ऐन भरात तुटते. एवढ्या लहान चमूकडून एवढं सुंदर जग उभं राहिलं, तर हाताची बाजूही जमेलच. मी पुढचा पूर्ण किमतीत घेईन.

एक पालकांसाठी. फुटबॉलचा 'ईए स्पोर्ट्स एफसी' (२०२३ पर्यंत त्याचं नाव 'फिफा') मैदानावर उत्तम आहे, पास द्यायची गंमत अस्सल. पण त्यातल्या अल्टिमेट टीममध्ये पैसे देऊन बंद पाकिटं घेता येतात, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत तिथली विक्री बंद झाली. आपल्याकडे चालू आहे. पोरांना मित्रांसोबत सामने खेळू द्या, पण खात्याला कार्ड जोडून ठेवू नका. हे मी कळकळीनं सांगतोय.

आणि लहान मुलांसाठी पीएस-फाइव्ह घेतलाच असेल तर पहिला 'ॲस्ट्रो बॉट', २०२४ चा. वाळूवर चाललं की हातात वाळू, पत्र्यावर चाललं की पत्रा. भाचीनं डोळे मिटून ओळखून दाखवलं.

'शॅडो ऑफ द कोलोसस'ची सीडी माझ्याकडे आहे, पीएस-फोरची, पीएस-फाइव्हवरही चालते. नागपुरात ज्याला हवी त्यानं मेसेज करा, महिनाभर ठेवा. त्या दोन पोट्ट्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर पहिला नंबर तुमचा. भाचीचा सातव्या प्राण्यावरचा सेव्ह माझ्या कन्सोलवर आहे, तो दिवाळीत ती आल्यावर पुढे जाईल, त्याआधी सीडी तेवढी परत आणून द्या.