करंगळी म्हणजे सोळा

मागच्या महिन्यात भाचा आला, मोबाइल हातात धरून घरभर फिरला आणि म्हणाला, "मामा, तुमचा राउटर आयपी देत नाहीये."

मी म्हणालो, "नीट मागितलास का?"

हिशेबखात्यात असताना ज्या नजरेनं मी नव्या पोरांकडे बघायचो, त्याच नजरेनं त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि राउटर म्हणजे वायफायची पेटी, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा पत्ता, एवढं सांगून त्याच रात्री मला नेटवर्कच्या प्राथमिक धड्यांना बसवलं. ऑनलाइन, फुकट, शिवाय 'इंटरॲक्टिव्ह'. म्हणजे नुसतं वाचून सुटका नाही, धडा मधेच थांबून प्रश्न विचारतो. शाळेत निदान मागचा बाक तरी होता.

पहिला धडा दिव्यांचा. पडद्यावर आठ दिवे, एकेक दिवा म्हणजे एकेक बिट, खाली आकडे : १२८, ६४, ३२ असे निम्मे होत होत शेवटी १. हुकूम : लावलेल्या दिव्यांची बेरीज १९२ करा. आमच्या हॉलमधल्या बोर्डावरही आठ बटणं आहेत आणि पंखा लागेपर्यंत आम्ही सगळी दाबून बघतो. इथंही तेच केलं. झाले २५५. "पुन्हा प्रयत्न करा." तासाभरानं कळलं, फक्त पहिले दोन दिवे लावायचे होते. पडद्यावरून रंगीत कागद उधळले गेले. लग्नातल्या अक्षतांनंतर माझ्यावर कुणी काही उधळल्याचं आठवत नाही.

पुढे तेच बोटांवर. अंगठा १, तर्जनी २, मधलं ४, अनामिका ८, करंगळी १६. एका हातावर ३१ पर्यंत जाता येतं, दोन्ही हातांवर थेट १०२३. फक्त एक मोजला की समोरच्याला ठेंगा दिसतो. आणि चार मी घरात मोजत नाही.

पिंगचा धडा मात्र आवडला. १९८३ साली माइक मूस नावाच्या माणसानं हे लिहिलं, नाव घेतलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. पलीकडचं यंत्र जागं आहे का, ते हाक मारून बघायचं. १२७.०.०.१ म्हणजे आपलंच यंत्र, त्याला पिंग केलं की आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. आमच्या घरात मलाच माझी हाक ऐकू येते, बाकी कुणाला नाही, तेव्हा हा धडा सोपा गेला.

मग नेटवर्कच्या कामाचे सात थर. फिजिकल, म्हणजे केबल वगैरे, तळाला; ॲप्लिकेशन, म्हणजे ब्राउझरसारख्यांचा, टोकाला. ओढून जागेवर लावायचे. मी गोविंदा उलटा रचला, केबल हंडीपाशी आणि ब्राउझर सगळ्यांच्या पायाखाली. तीनदा कोसळलो. चौथ्यांदा जमल्यावर धडा म्हणतो, प्रत्यक्षात इंटरनेट चार थरांच्या हिशेबानं चालतं. नियमावली एक आणि काम भलतंच, हे मी तीस वर्षं पगार घेऊन शिकलो होतो.

घोटाळा झाला तो पत्त्यामुळे. मोबाइलात माझा आयपी पत्ता सापडला : १९२.१६८.१.५. मी तो डायरीत पॅनकार्डच्या नंबराखाली लिहिला आणि शेजारच्या नानांना अभिमानानं सांगितला. नानांनी आपला मोबाइल चाचपला.

"अहो, हा तर माझा!"

माझी खात्री पटली की नाना आमचं वायफाय वापरतात. नानांची खात्री पटली की मी. पाच दिवस पेपरची अदलाबदल बंद. सहाव्या दिवशीच्या धड्यात कळलं की हे पत्ते घरगुती वापरासाठी १९९६ मध्येच मुद्दाम राखून ठेवलेत. एक पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे तसल्या ३२ दिव्यांचा; त्यांत मिळून पत्ते बसतात ४२९ कोटींच्या आसपास, ते जगाला कसे पुरणार? म्हणून घरात कितीही मोबाइल असले तरी राउटर बाहेर एकच पत्ता दाखवतो. बी-२०४ प्रत्येक सोसायटीत असतो, म्हणून कुणी पोलिसांत जात नाही. नानांना हे सांगायला मी गेलो तर म्हणाले, "तरी पासवर्ड बदललाय मी."

परवा सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरींनी विचारलं, "मेंटेनन्स किती जणांचा थकलाय?" यादी माझ्याकडे होती. मी बोटांवर मोजत गेलो, मुठी वळत-उघडत, आणि उत्तर येताच हात वर केला. एकटी करंगळी ताठ.

चेअरमन समजुतीनं म्हणाले, "जाऊन या, आम्ही थांबतो."