विल्किन्स यांची आठवण झाली

अमेरिकेचं राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासन कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आदिवासी कॉलेजांना विज्ञान शिकवायला अनुदान देतं, त्याला तुमच्याकडे आलेल्या त्यावरच्या लेखात चक्क 'औदार्य' म्हटलंय. नाही पटलं. लॉस अलामॉस, लिव्हरमोर या त्याच्या अण्वस्त्र प्रयोगशाळांमधल्या गोपनीय कामाला अमेरिकन नागरिकच लागतात. आपली एम.एस.ला गेलेली पोरं त्या कामाला चालत नाहीत. मग माणसं घरातच शोधावी लागणार ना!

आणि आधीचा हिशेबही बघा. कृष्णवर्णीय गणितज्ञ अर्नेस्ट विल्किन्स यांनी १९४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शिकागो विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली. मॅनहॅटन प्रकल्पासाठी, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अणुबॉम्बच्या कामासाठी, ते शिकागोत काम करत होते. १९४४ मध्ये सहकारी याच प्रकल्पाच्या टेनेसीतल्या ओक रिज केंद्राला निघाले, पण तिथल्या वंशभेदाच्या कायद्यांमुळे विल्किन्स यांना जाता आलं नाही. (पुढे त्यांनी हॉवर्ड आणि क्लार्क अटलांटा या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत शिकवलं, म्हणजे आज ज्यांना अनुदान मिळतं तशाच संस्थांत.) नावाहो आदिवासींच्या जमिनीवर तर अण्वस्त्रांसाठी खोदलेल्या युरेनियमच्या पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिलेल्या आहेत.

पैसे द्यावेतच. पण अनुदानाची मुदत संपल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेतली यंत्रं चालवणाऱ्याचा पगार कोण देणार, यावर लेखात एखादी ओळ हवी होती.