मंदीतील नेतृत्व : सोलापुरी कारखानदारांसाठी मार्गदर्शन

सोलापूरच्या पूर्व भागात आपला टॉवेल-चादरींचा यंत्रमाग कारखाना असेल, सुताचा भाव चढलेला असेल आणि व्यापाऱ्याने तीन महिन्यांचे पैसे थकवलेले असतील, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. कारण आजवर आपण केवळ माग चालवले, नेतृत्व करण्याची संधी आपल्याला आत्ता कुठे मिळत आहे.

प्रथम ‘कामगार’ हा शब्द टाकून ‘कुटुंब’ म्हणायला शिकावे. कुटुंबात कोणी मजुरीचा दर वाढवून मागत नाही.

मात्र कुटुंब किती वाढू द्यावे, याचा विचार हवा. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस यांचे कायदे साधारणपणे २० माणसांपासून लागू होतात, आणि बोनस तर तोट्याच्या वर्षातही किमान ८.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ एका महिन्याच्या पगाराइतका द्यावा लागतो. म्हणून दूरदृष्टीचा नेता एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, मध्ये एक वीटही न रचता, तीन कारखाने उभारतो : एक स्वतःच्या नावे, दुसरा पत्नीच्या नावे आणि तिसरा, ज्याने जन्मात तुटलेला धागा जोडलेला नाही अशा मेहुण्याच्या नावे. खडखडाट एकच, पाट्या तीन. प्रत्येक हजेरीपत्रकावर १९ नावे भरली की उरलेला माणूस पाहुणा समजावा. गेली अकरा वर्षे रोज रात्रपाळीला येणारा असा एक पाहुणा माझ्या पाहण्यात आहे, आणि त्याचा पाहुणचार अजून कोणी केलेला नाही.

उचल देताना मात्र हात आखडता घेऊ नये. लेकीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत माणूस दुसऱ्या कारखान्याची पायरी चढत नाही. प्रशिक्षण शिबिरांत यालाच निष्ठा म्हणतात. त्याची बायको घरी विड्या वळते आणि त्यावर चूल पेटते, हेही दर ठरवताना सहानुभूतीने लक्षात घ्यावे.

तरीही कोणी कुरकुर केलीच, तर इतिहास सांगावा. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, लक्ष्मी-विष्णू गिरणीही गेली, तिथे आपला कारखाना काय चीज, असे म्हणून एक सुस्कारा सोडावा. त्या गिरण्यांतल्या कामगारांना पगारी रजा मिळत असे, हा तपशील इतिहासातून वगळला तरी चालतो.

नेता लोकांना दिसलाही पाहिजे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या मार्गावर हात जोडलेला आपला फ्लेक्स चौकाचौकांत हवा. वाचलेल्या बोनसमध्ये हा खर्च आरामात बसतो. फ्लेक्सच्या तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून आपल्या कुटुंबीयांची नावे अवश्य छापावीत, पण छापण्यापूर्वी ती स्वतः मोजावीत आणि पाहुण्याचे नाव तेवढे आठवणीने गाळावे.