बंदूक घ्या, पण बॉक्स बघून घ्या

मुलाचा वाढदिवस तोंडावर आलाय आणि त्याला ‘नर्फ गन’ हवी आहे. नर्फ हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव. पण डालडा आणि झेरॉक्सचं झालं तेच याचंही झालं. फोमच्या गोळ्या उडवणारी कुठलीही बंदूक असो, सोसायटीतल्या पोरांच्या लेखी ती नर्फच. दुकानात अख्खी भिंत या बंदुकांची असते, तुमचा गोंधळ होणार. म्हणून एका अनुभवी बापाचे चार शब्द ऐकून घ्या.

साधी बंदूक अजिबात घेऊ नका. म्हणजे मागची दांडी ओढा, पुढून एक गोळी खुपसा, चाप दाबा, संपलं, असली. आत एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या. चाप दाबला की दट्ट्या पुढं धावतो, हवा दाबली जाते, गोळी सुटते. सायकलच्या पंपात याहून जास्त भानगड असते. अशा वस्तूत बिघडणार काय? पोरगं तीच घेऊन पाच वर्षं खेळेल, मग तुमचं आणि दुकानदाराचं नातं टिकायचं कसं? नर्फचीच ‘जोल्ट’ नावाची एक बंदूक आहे. मुठीएवढी, एका वेळी एकच गोळी, पण मारते थोराड बंदुकांच्या तोडीस तोड, कारण मारायचं काम स्प्रिंग करते, बाहेरचं प्लास्टिक नव्हे. ही माहिती मुलाला कळू देऊ नका. शिवाय मुठीएवढं खेळणं चार पाहुण्यांत द्यायचं म्हणजे शोभेल का?

तुम्ही बॉक्स बघा. ज्या बॉक्सवर जास्तीत जास्त गोष्टींची नावं गोल-गोल फुग्यांत छापली असतील, तो उचला. आमच्याकडे वाढदिवसाला आला तो बॉक्स शाळेच्या दप्तराहून मोठा होता. (कंपनीचं नाव सांगत नाही. देणाऱ्याचंही नाही.) मोटर, गोळ्या भरायचा ड्रम, दुर्बीण, दिवा, तिपाई, खांद्याला लावायचा दांडा. २४ गोळ्या असं वर लिहिलं होतं, आत २३ निघाल्या. कंपनीची मोजण्यात चूक झाली असेल म्हणून सोडून दिलं. बॉक्सवर एकावर एक दोन चिकटपट्ट्या होत्या, तेही माल बंदोबस्तात यावा म्हणूनच असणार.

आता एकेक वैशिष्ट्य नीट समजून घ्या, म्हणजे दुकानात फसायला सोपं जाईल.

दुर्बीण. ही एक पोकळ नळी असते. भिंग नावाला नाही. तिच्यातून पाहिलं की समोरचा सोफा अगदी सोफ्याएवढाच दिसतो, फक्त त्याच्या कडा दिसत नाहीत. दांडा लहान मुलाला लांब आणि मोठ्या माणसाला आखूड पडेल अशा बेतानं बनवलेला असतो. तिपाईवर ठेवून गोळी झाडायची, तर मुलाला जमिनीवर पालथं झोपावं लागतं, आणि त्या उंचीवरून त्याला फक्त खाटेखालची धूळ मारता येते. दिव्याचं म्हणाल तर तो लागतो. मान्य करायला हवं, लागतो.

मोटरवर मात्र थोडं थांबू, कारण पैसे तिचेच आहेत. मोटरच्या बंदुकीत दट्ट्या नसतो. दोन चाकं असतात, शेजारी शेजारी, उलट्या दिशांना फिरणारी. गोळी त्यांच्यामध्ये ढकलली की ती चिमटून पुढं फेकतात. रसवंतीच्या चरकात ऊस जावा, तशी गोळी जाते. आणि दोन-तीन आठवड्यांत तिचंही चिपाडच होतं. पण चरक आधी फिरता हवा ना. म्हणून या बंदुकीला चाप दोन. एक दाबून चाकं फिरवायची, वेग यायला जरा थांबायचं, मग दुसरा दाबायचा. तोवर घरभर असा घुर्रर्र आवाज घुमतो की शत्रू सावकाश उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येतो. आमची आई आतून विचारायची, ‘अगं, मिक्सर लावलायस का? मग तेवढ्यात खोबरंपण वाटून घे.’

मोटर म्हटली की सेल आले. नर्फचं एक जुनं दांडगं मॉडेल होतं, व्हल्कन, २००८ सालचं. त्याला गोळ्यांचा पट्टा २५ चा आणि टॉर्चचे मोठे सेल सहा! बॉक्समध्ये सेल नसतात, ही ओळ सर्वांत लहान अक्षरांत छापायची रीत आहे. आमच्या बंदुकीला चार पेन्सिल सेल लागतात. वाढदिवसाच्या रात्री साडेनऊला कुठलं दुकान उघडं? एक टीव्हीच्या रिमोटमधला काढला, दुसराही त्यातलाच, तिसरा वजनकाट्याचा आणि चौथा हॉलमधल्या घड्याळाचा. झाकणाचा फुलीचा स्क्रू इतका बारीक की आईच्या चष्म्याच्या दुरुस्तीचा स्क्रू ड्रायव्हर लागला. सकाळी घड्याळ नऊ चाळीसवर थांबलेलं, शाळेची बस गेलेली, आणि चिरंजीव बंदूक कुशीत घेऊन झोपलेले. म्हणून माझा सल्ला: घड्याळ दोन ठेवा.

आता ड्रम. गोळ्या जितक्या जास्त, तितकं चांगलं, असं वाटतं ना? वाटू द्या. मी फोनवर वेळ लावून पाहिलं. ड्रम रिकामा व्हायला ११ सेकंद. गोळ्या गोळा करायला १७ मिनिटं. सापडल्या १९. म्हणजे हा खेळ वाकून वस्तू उचलण्याचा आहे, मध्ये मध्ये बंदूकही चालते. एकच गोळी असलेलं पोर नेम धरतं. २३ वालं नुसता चाप दाबून धरतं, आणि भिंतीला, पंख्याला, आजीला, झाडून सगळ्यांना समान न्याय मिळतो.

गोळी अडकते, तेव्हाची गंमत तर विचारू नका. वर एक छोटं दार असतं, ते उघडून अडकलेली गोळी काढायची सोय आहे. म्हणजे अडकणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं, फक्त आपलं बोट कितीसं जाड असतं हे ठाऊक नव्हतं. मी विणायची सुई वापरली. गोळी दोन तुकड्यांत बाहेर आली, निळं शेपूट वेगळं, नारिंगी टोपी वेगळी. टोपी अजून आत खुळखुळते. तो आवाज ‘वैशिष्ट्यां’त धरा.

पल्ला! बॉक्सवर ९० फूट असं लिहिलेलं असतं, आणि त्याआधी ‘पर्यंत’ हा फार कामाचा शब्द असतो. नळी आभाळाकडे तिरकी धरली तर गोळी तिथवर जाऊन पडेलही. आमचा हॉल साडेअकरा फूट आहे. तुमचा फार तर चौदा असेल. तेव्हा ९० फूट कमी पडू लागले म्हणून २०१९ मध्ये नर्फनं ‘अल्ट्रा’ काढली, १२० फुटांचा दावा असलेली. तिच्या गोळ्या वेगळ्या. जुन्या गोळ्या तिच्यात चालत नाहीत, तिच्या गोळ्या जुनीत जात नाहीत. २०२४ मध्ये आणखी एक मालिका आली, तिच्याही गोळ्या स्वतंत्र. तीन वाढदिवसांत तीन जातींच्या गोळ्या घरी जमतात, एकमेकींशी सोयरीक नाही. मोबाईलच्या चार्जरांच्या खणात आता त्यांनाही जागा करा. स्वस्तातल्या घेऊ म्हणाल, तर त्या मापाला एवढ्याशा चुकतात. सैल गोळी नळीतून घरंगळून पायावर पडते, घट्ट गोळी नळीतच घर करते.

याहून पुढं जायची ऐपत असेल, तर कॅमेरा असलेली बंदूकही येऊन गेलेली आहे, आणि रिमोटवर चालणारा गोळ्या मारणारा रणगाडाही, ज्याला काय दिसतंय ते आपण पडद्यावर बघायचं. मुलानं खेळायला उठायचंच नाही, ही सोय यापूर्वी फक्त टीव्हीत होती. हे सगळं सुरू झालं होतं १९६९ मध्ये, फोमच्या साध्या चेंडूवर. घरात फेका, दिवा फुटायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला सेल लागत नव्हते, हाच त्यात दोष असावा.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो, तिरकं वाचू नका. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असल्या गोळ्या डोळ्याला लागलेल्या तीन रुग्णांची नोंद छापली होती. दोन मोठी माणसं, एक मूल, डोळ्यात रक्त उतरलेलं. फोम मऊ असला तरी डोळा त्याहून मऊ. चष्मा घालायला लावा, तोंडावर नेम धरू देऊ नका, आणि भारतात खेळण्यांवर आयएसआय खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, ती बॉक्सवर शोधा. वैशिष्ट्यांच्या फुग्यांआड ती असेल तर सापडेल.

बंदूक साधारण दीड महिना चालते. मग ती माळ्यावर जाते. आमची गेली. गणपतीचं मखर काढताना हाताला लागली तेव्हा सेल फुटून आत पांढरी बुरशी धरली होती. ती जुन्या टूथब्रशनं घासली. आता दिवा लागत नाही, पण खुळखुळतं अजून.

म्हणून शेवटचं आणि मुख्य: बॉक्स फाडू नका. चिकटपट्टी ब्लेडनं हळूच कापा, थर्माकोल जपा, गोळ्या जमतील तेवढ्या जमवा. मुलाच्या वर्गात तीस-पस्तीस मुलं असतात, वाढदिवस येतच राहतात. नवी चिकटपट्टी जुनीवर बरोबर बसवा. आणि कोपऱ्यात नीट हात घालून बघा. आमच्या बॉक्समध्ये तिपाईच्या पिशवीखाली एक चिठ्ठी निघाली. ‘आरवला सातव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ आमच्या मुलाचं नाव अद्वैत आहे.