चेन पाडायची कशी? नवशिक्या वन-बायवाल्यांसाठी चार गोष्टी

वन-बाय एमटीबी (माउंटन बाइक) घेतलीत, छान केलंत. पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा फ्रंट डिरेलर गेला, त्याचा गिअर बदलायचा डावा शिफ्टर गेला, फोटो स्टेटसला टाकून झाला. पण यात एक मोठी गोची आहे जी दुकानदार सांगत नाही. चेन पडतच नाही म्हणे. मग पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढावर मध्येच थांबून दम कुठल्या नावाखाली खायचा? आधी कसं, "थांबा रे, चेन पडली" म्हटलं की सगळा ग्रुप आदराने थांबायचा. तेव्हा हा हक्क परत कसा मिळवायचा ते बघू.

पहिला शत्रू म्हणजे नॅरो-वाइड रिंग. 2012 मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्स-वन हा गिअरसेट काढला तेव्हापासून हे खूळ पसरलंय. चेनची एक कडी आतून अरुंद आणि पुढची रुंद असते, तर या लोकांनी दातेही तसेच केले, एक बारीक एक जाड, जाड दात रुंद कडीत घट्ट जाऊन बसतो आणि चेन हलायचं नाव घेत नाही. म्हणूनच या रिंगला दाते कायम सम संख्येत, 30, 32, 34 असे. यावर उतारा म्हणजे जुन्या थ्री-बाय, म्हणजे पुढे तीन रिंगवाल्या, सायकलची मधली रिंग तशीच ठेवायची, फक्त फ्रंट डिरेलर आणि बाकीच्या दोन रिंगा काढून टाकायच्या आणि "कन्व्हर्जन केलं" म्हणून सांगत सुटायचं. त्या रिंगचे दाते मुळातच चेन पटकन सुटून शेजारच्या रिंगवर जावी म्हणून घडवलेले असतात. आता शेजारी कुणीच नाही, मग ती सुटते ती थेट क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) नाहीतर फ्रेमकडे. आणि नॅरो-वाइड रिंग आधीच गळ्यात पडली असेल तर चेन एक दात पुढेमागे बसवा, जाड दात अरुंद कडीखाली आला की चेन दातांच्या डोक्यावरून चालते, पहिल्याच दगडाला काम फत्ते.

दुसरा शत्रू मागच्या डिरेलरमधला क्लच. धक्का बसला की डिरेलरचा केज (चेन ताणून धरणारा खालचा हात) पुढे झुकतो आणि चेन ढिली पडते, क्लच त्या झुकण्याला अडवतो, एवढंच त्याचं काम. शिमानोच्या बऱ्याच क्लचवाल्या डिरेलरवर याच्यासाठी अंगठ्याएवढा सुद्धा नसेल असा एक खटका असतो, मागचं चाक काढताना तो ऑफ करतात म्हणजे चाक सहज निघतं. तुम्हीही करा. फक्त पंक्चर काढून चाक परत बसवल्यावर तो ऑन करू नका, आयुष्यात पुन्हा त्याच्याकडे बघूच नका. उतारावर चेन चेनस्टेवर, म्हणजे फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, खडखड आपटायला लागेल, त्यावर जुनी ट्यूब कापून गुंडाळायची, आवाज बंद, विषय संपला.

चेनची लांबी मोजण्याच्या फंदात तर पडूच नका. शहाणे लोक डिरेलरमधून न घेता चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून आणि पुढच्या रिंगवरून ओढून बघतात, त्यात थोड्या कड्या वाढवून कापतात, फुल सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा सोडून तो पूर्ण दाबून मोजतात. किती तो खटाटोप. तुम्ही पोराला वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घेतात तशी ऐसपैस घ्या, चेन काय पुढच्या वर्षी लागेलच.

आणि जुनी चेन बदलायची कशाला? पट्टी लावून पिनपासून पिनपर्यंत 12 इंच मोजले आणि 1/16 इंच जास्त भरलं म्हणजे चेन अर्धा टक्का वाढली, 11-12 स्पीडला (मागे 11-12 चकत्या असलेल्या सायकलला) इथेच बदला म्हणतात. अर्धा टक्का! बँकसुद्धा याहून जास्त व्याज देते आणि हे चेन टाकून द्यायला निघाले. तुम्ही तीच चालवा, वर घरातलं खोबरेल तेल ओता, टेकडीवरची सगळी माती त्यावर चिकटेल, त्या मातीने आधी चेन झिजेल मग जाड दाते झिजून बारीक दात्यांच्या बरोबरीला येतील, की झाली समता प्रस्थापित.

चेन गाइड म्हणजे रिंगच्या वर बसणारा एक छोटासा चिमटा, डाउनहिलचे वर्ल्ड कपवाले सुद्धा लावतात, पण ते काय, घाबरतात बिचारे. आपल्याला एवढ्याशा वजनाचं ओझं नको, बॅगेत वडापाव, पॉवरबँक आणि ब्लूटूथ स्पीकर आहे की.

एवढं करून चेन पडली की पेडल मारणं थांबवायचं नाही, हे महत्त्वाचं. उलट उभं राहून जोर लावायचा, म्हणजे ती रिंग आणि चेनस्टेच्या मध्ये अशी जाऊन रुतते की बोटांनी निघत नाही, फ्रेम कार्बनची असेल तर खरवडलेला भाग नंतर दाखवायलाही होतो.

मग सायकल मेकॅनिककडे न्यायची आणि सांगायचं, काहीच केलं नाही हो, आपोआप पडते. त्याने तो खटका ऑन करून सायकल दोन सेकंदांत परत दिली तर पैसे देऊ नका, एवढ्याशा कामाचे कसले पैसे, त्यापेक्षा घरी येऊन डिरेलरसाठी सिरॅमिक बेअरिंगवाल्या पुल्या ऑर्डर करा.