वाळूमाशी पाण्यात वाढत नाही
वाळूमाशी चावून पसरणाऱ्या आणि मुलांना मेंदूज्वर देणाऱ्या चांदीपुरा विषाणूवरच्या एका लेखात ‘घराभोवती पाणी साचू देऊ नका’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. डासांसाठी तो ठीक आहे. वाळूमाशीच्या अळ्या पाण्यात नसतातच. गोठ्यातली ओलसर माती, शेण, भिंतीतल्या भेगा ही तिची ठिकाणं. माशी जेमतेम २-३ मिलिमीटरची, केसाळ, बसली की पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे. आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारते. पहाटे बॅटरीच्या उजेडात भिंती तपासून ती नळीने ओढून घेतात, रात्री प्रकाश-सापळे लावतात किंवा तेल चोपडलेले कागद टांगतात. पण खरी मेहनत पुढे. जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली मादीचा घसा आणि शुक्राणूंची पिशवी बघावी लागते. बिहारात काळा आजार पसरवणारी फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस आणि मुख्यतः पाली-सरड्यांना चावणारी सर्जेंटोमिया नुसत्या डोळ्यांना सारख्याच. (सर्जेंटोमियातही चांदीपुरा विषाणू सापडलाय, तेव्हा तिलाही सोडून चालत नाही.) हा विषाणू १९६५ साली आपल्याच नागपूर भागात सापडला. २०२४ मध्ये गुजरातेत मुलं दगावल्यावर माशा पकडायला पथकं निघाली. साथ नसताना विदर्भातल्या गोठ्यांत ही मोजणी कोण करतं, ते लेखात यायला हवं होतं.