चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं माझं. वीस वर्षं ट्रॉलरवर ड्रायव्हर आहे, म्हणजे इंजिन सांभाळतो, आणि इंजिन रूममधला प्रत्येक घोटाळा ह्याच वाक्यापासून सुरू झालेला पाहिलाय.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर शाकारलेली. तेवढ्यात रंग झाला, केबिनवर नाव नव्याने घातलं, जाळी दुरुस्त झाली. इंजिन रूमला एक दिवस मिळाला नाही! शेठना तीनदा सांगितलं, इंजिन थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदला. पंपातलं पात्यांचं चाक म्हणजे इम्पेलर, रबरी असतो तो. दोन महिने एकाच जागी दाबून राहिला की पाती वाकडीच बसतात, मग फिरताना तुटतात. तर म्हणे, "गेल्या वर्षी चालला ना?" एका ट्रिपच्या बर्फाएवढीही किंमत नाही हो त्याची!

दुसऱ्याच ट्रिपला, रात्री दोन वाजता, जाळं पाण्यात असताना इंजिन तापलं. अलार्म गप्प. कुणीतरी "उगाच कोकलतो" म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली. कुणी काढली ते आजपर्यंत कोणी कबूल करत नाही. पंप खोलला तर इम्पेलरची चार पाती गायब, आणि बोटीवर दुसरा इम्पेलर नाही. दुसऱ्या बोटीने ओढत बंदरात आणलं. मग ते तुकडे शोधण्यात अख्खा दिवस गेला, कारण कूलरच्या नळ्यांत एक जरी अडकून राहिला तरी नवा इम्पेलर घालून उपयोग नाही. बर्फ वितळला, मासळी मातीमोल. आणि शेठ चारचौघांत म्हणतात, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं!

मी मागतो काय? निघण्याआधी वीस मिनिटं. तेलाची काडी बघायची, तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडायचं, पट्टा दाबून बघायचा. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब पडले तर चालतं, धार लागली तर नाही. आणि बिल्ज, म्हणजे बोटीचा अगदी तळ, कोरडं हवं. खाली आधीच काळं तेलपाणी डुचमळत असेल तर नवी गळती दिसणार कुठून?

काल भरती ओसरायला लागली म्हणून वरून तांडेल, बोटीचा कप्तान, ओरडत होता. मी बिल्जमधल्या चिंध्या उपसत होतो. तिथलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं तोंडच बुजलं होतं त्यांनी. ओरडू दे. आठ माणसं आहेत बोटीवर. पंप पाणी फेकेपर्यंत किल्ली माझ्या खिशात राहिली.